मुलीच्या भेटीची कोर्टाची ऑर्डर बदलून घ्यायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार. हा धागा काढावा की नाही यावर दोन आठवडे घालवले. घरी बोलून झालंय, पण घरचे माझी बाजू धरणार हे उघडच आहे, आणि मला लेकीच्या बाजूने विचार करायचाय.

२०२० साली पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीने आमचा घटस्फोट झाला. लेक तेव्हा साडेतीन वर्षांची होती. ताबा माझ्याकडे आला. बाबाला महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी सकाळी ११ ते ५ अ‍ॅक्सेस, तोही सार्वजनिक ठिकाणी, मुक्काम नाही. मुक्कामाची अट मीच हट्टाने घालून घेतली होती. ती रात्री दोनदा उठायची, माझ्या कुशीशिवाय झोपायची नाही. तेव्हाचा तो निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही.

आता ती नऊ वर्षांची आहे. बाबा गेल्या वर्षी नोकरीसाठी कोल्हापूरला गेला. रात्रीच्या गाडीने येतो, सकाळी मित्राकडे अंघोळ करतो, अकराला सोसायटीच्या गेटवर उभा असतो. पाच वर्षांत त्याने एकही शनिवार चुकवलेला नाही, हे मला इथे लिहायलाच हवं. पुण्यात आता त्याचं घर नाही, म्हणून सहा तास मॉलमध्ये. पावसाळ्यात तर दुसरं कुठे जाणारच?

मागच्या महिन्यात घरी आल्यावर बूट काढता काढता ती म्हणाली, "आई, बाबाच्या घरात माझं कपाट आहे म्हणे. मी ते कधी बघणार?" मला उत्तर देता आलं नाही. गौरी-गणपतीला तिची चुलत भावंडं तिकडे जमतात आणि ही व्हिडिओ कॉलवर आरती म्हणते.

त्याच्याशी बोलायची माझी तयारी आहे. पण माझी आई म्हणते, एकदा ढील दिलीस की ताबाच मागेल. ही भीती मलाही आहे, खोटं कशाला सांगू. आमचं आम्ही ठरवून एखादा शनिवार-रविवार पाठवलं तर पुढे कायद्याने अडचण होते का? रीतसर बदल करायचा तर सगळी केस पुन्हा उभी राहते का? आणि लेकीला कोर्टात उभं करतील का, याचीच धास्ती जास्त आहे. ज्यांनी मुलांना पहिल्यांदा मुक्कामाला पाठवलं त्यांनी कृपया अनुभव लिहा.

प्रतिसाद १
ताई, मी तुमच्या लेकीच्या बाबाच्या जागी होतो. तोंडी ठरवू नका. आमचं आठ महिने तोंडी छान चाललं, मग एका दिवाळीत बिनसलं आणि दोघंही जुन्या ऑर्डरचा कागद काढून बसलो. शेवटी दोघांच्या सहीने नव्या अटी लिहून एकत्र अर्ज दिला. भांडण नसल्यामुळे जुनं काही उकरलं गेलं नाही. मुलाशी समुपदेशक बाई वेगळ्या खोलीत बोलल्या. त्याने त्यांना चित्र काढून दाखवलं, एवढंच त्याच्या लक्षात आहे.
मुक्कामाचं म्हणाल तर आधी एकच रात्र ठेवा. तिची रोजची चादर सोबत द्या. फोनची वेळ ठरवा, आमची रात्री आठची होती. सारखे फोन केले की मूल तिकडे रमत नाही, आणि रमलं तर त्याला अपराधी वाटतं.

प्रतिसाद २
मी वकिली करते म्हणून थोडी भर. मुलांच्या ताब्याचे आणि भेटीचे आदेश कायमचे कोरलेले नसतात. मूल वाढतं, परिस्थिती बदलते, तसे ते बदलता येतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रोझी जेकब प्रकरणात हे सांगितलंय. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली घटस्फोटानंतरही असा अर्ज करता येतो. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर कलम ३८ बघा.
मुलीची इच्छा विचारात घेता येते, १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातच तशी सोय आहे. न्यायाधीशांना बोलायचं असेल तर ते सहसा आपल्या चेंबरमध्ये बोलवून बोलतात, भर कोर्टात नाही. आणि मुक्कामाला मान्यता दिली म्हणून ताबा जात नाही. त्यासाठी वेगळी मागणी करावी लागते, आणि ती मुलीच्या हिताच्याच कसोटीवर तपासली जाते.
मसुद्यात 'सोयीनुसार' हा शब्द येऊ देऊ नका, वाद तिथूनच सुरू होतात. कुठून न्यायचं, कुठे सोडायचं, गाडी चुकली तर काय, गणपती कोणत्या वर्षी कुणाकडे, सगळं लिहा. व्हिडिओ कॉलचे दिवसही लिहा. २०२० च्या यशिता साहू निकालात मुलाच्या अशा संपर्काचं महत्त्व सांगितलंय.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री त्याला सविस्तर ईमेल केली. सकाळी उत्तर आलं, त्यालाही लिखितच हवंय. वकिलांकडे जाण्याआधी कच्चा मसुदा आम्हीच करतोय. महिन्यातला एक शनिवार-रविवार कोल्हापूर, एक शनिवार पुणे, यावर एकमत आहे. रविवारी तो तिला पुण्यात आणून सोडणार. तिची सोमवारची शाळा सकाळी सातची, म्हणून मी संध्याकाळी पाच म्हणतेय, तो सात म्हणतोय. सध्या तेवढ्यावर अडलंय.