डाइव्हिंगहून परतताना विमानतळावरची सुरक्षा तपासणी : तुमचे अनुभव

गेल्या हिवाळ्यात स्वराज द्वीपावर, म्हणजे ज्याला आपल्यापैकी बहुतेक जण अजूनही हॅवलॉक म्हणतात त्या बेटावर, पाच दिवस डाइव्हिंग करून मी पुण्याला परत येत होतो. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर माझी केबिन बॅग क्ष-किरण यंत्रातून तीन वेळा गेली आणि शेवटी मला ती जवानासमोर पूर्ण रिकामी करावी लागली. बॅगेत बंदी असलेली एकही वस्तू नव्हती. मात्र रेग्युलेटरच्या, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या उपकरणाच्या, नळ्यांचे वेटोळे, त्याच्या मधोमध पितळेचा जड फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीला जोडायचा भाग, त्याखाली टॉर्च आणि सगळ्यांभोवती चार्जरच्या तारा अशी मी ती घाईने भरली होती. पडद्यावर या वस्तू एकमेकींवर चढून दिसतात आणि धातूचा जाड भाग तर पूर्ण काळा दिसतो, हे मला नंतर समजले. ज्याने आयुष्यात कधी रेग्युलेटर पाहिलेला नाही, त्या माणसाला तिथे नेमके काय दिसत असेल, याचा विचार बॅग भरताना मी केला नव्हता आणि चूक तिथेच झाली होती.

त्या जवानाने मला शांतपणे विचारले, "हे काय आहे, आणि कशासाठी वापरतात?" मी मोबाइलवरचा पाण्याखालचा फोटो दाखवला, ज्यात तोच रेग्युलेटर माझ्या तोंडात होता, आणि पुढचे सगळे दोन मिनिटांत आटोपले. तेव्हापासून रेग्युलेटर मी बॅगेत सर्वांत वर, वेगळ्या जाळीच्या पिशवीत ठेवतो आणि सांगण्याआधीच ट्रेमध्ये काढतो.

आपल्यापैकी ज्यांनी डाइव्हिंगचे सामान हाताशी घेऊन विमानप्रवास केला आहे, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. काय अडले, का अडले आणि पुढच्या वेळी आपण काय बदलले, एवढे आले तर नव्याने जाणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग होईल.

ठाण्याहून

माझा अनुभव टॉर्चचा आहे आणि तो थोडा विस्ताराने लिहिते, कारण या बाबतीत बरेच गैरसमज आहेत. लक्षद्वीपहून परतताना अगत्तीच्या छोट्या विमानतळावर मी टॉर्च चेक-इन सामानात टाकला होता, बॅटरीसह. सामान पुढे गेले, मी निर्धास्त बसले आणि थोड्या वेळाने माझे नाव पुकारले गेले. बॅग उघडून बॅटरी बाहेर काढावी लागली. तेव्हा मला त्याचा राग आला होता, पण घरी येऊन नियम वाचल्यावर तो राग उरला नाही.

डाइव्हिंगचा तीव्र टॉर्च पाण्याखाली वापरण्यासाठी बनवलेला असतो आणि सभोवतालचे पाणीच त्याला थंड ठेवते. तो बॅगेत कपड्यांच्या मध्ये चुकून पेटला तर इतका तापू शकतो की आग लागण्याचा धोका असतो. म्हणून प्रवासात टॉर्चमधून बॅटरी वेगळी काढून ठेवावी लागते, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केवळ हातातल्या सामानातच नेता येतात. मालकक्षात आग लागली तर तिथे कोणी पोहोचू शकत नाही, केबिनमध्ये मात्र कर्मचारी ती लगेच विझवू शकतात, हे त्यामागचे कारण आहे.

बॅटरीची मर्यादा वॅट-तासांत मोजतात आणि तो आकडा घरीच काढता येतो. व्होल्ट आणि मिलिअँपिअर-तास यांचा गुणाकार करून हजाराने भागायचे. माझ्या टॉर्चची बॅटरी ३.७ व्होल्ट आणि ३४०० मिलिअँपिअर-तासांची आहे, म्हणजे सुमारे १२.६ वॅट-तास. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची विशेष परवानगी लागत नाही. १०० ते १६० च्या दरम्यानच्या, म्हणजे मोठ्या व्हिडिओ लाइटच्या बॅटरीसाठी कंपनीची आगाऊ मंजुरी घ्यावी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. त्याहून मोठी बॅटरी प्रवासी सामानातून नेताच येत नाही. आता मी प्रत्येक बॅटरी प्लास्टिकच्या छोट्या डबीत ठेवते, जेणेकरून तिची टोके एकमेकांना किंवा किल्ल्यांना लागू नयेत, आणि ती डबी हातातल्या पिशवीत सहज दिसेल अशी असते. त्यानंतरच्या तीन प्रवासांत एकदाही अडचण आलेली नाही.

नाशिकहून

आमच्या बाबतीत डाइव्हिंगचे सामान अडले नाही. माझा नऊ वर्षांचा मुलगा अडला. तो स्वतः स्नॉर्कलिंगच करत होता, पण शहीद द्वीपाच्या किनाऱ्यावर त्याने प्रवाळाचे पांढरे, वाळलेले चार तुकडे आणि एक शंख गोळा करून आपल्या पाठीवरच्या पिशवीत मोज्यात गुंडाळून ठेवले होते. आम्हा दोघांनाही त्याची कल्पना नव्हती. पोर्ट ब्लेअरच्या तपासणीत यंत्राने ते अचूक दाखवले.

अधिकारी महिलेने आवाज न चढवता आम्हाला बाजूला घेतले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण दिले आहे, आणि किनाऱ्यावर मेलेला तुकडा मिळाला म्हणून तो घरी नेण्याची मोकळीक मिळत नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. मुलगा रडू लागला, तेव्हा त्या खाली वाकून त्याला म्हणाल्या की रिकाम्या शंखात राहायला एक छोटा खेकडा येतो आणि शंख नेला तर त्याला घर मिळत नाही. त्याने स्वतःच्या हाताने ते सगळे त्यांच्या टेबलावर ठेवले. आम्ही दंडाला तयार होतो, पण लहान मूल आहे हे पाहून त्यांनी समज देऊन सोडले. प्रत्येकाला इतकी सवलत मिळेल, असे मात्र कोणी गृहीत धरू नये. मुलांच्या पिशव्या निघण्याआधी पालकांनी स्वतः तपासाव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नव्या टर्मिनलची इमारत शंख-शिंपल्याच्या आकाराची आहे. बाहेर पडताना मुलगा तिच्याकडे बराच वेळ पाहत होता.

मालवणहून

मी तारकर्लीला पर्यटकांना पाण्यात नेतो. २०२१ मध्ये चिपीचा आणि २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून विमानाने परतणारे पाहुणे वाढले आहेत, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो की सकाळी डाइव्ह करून संध्याकाळचे विमान पकडता येईल का. मी त्यांना स्पष्ट नाही म्हणतो. एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास, आणि डीकॉम्प्रेशनचे थांबे, म्हणजे शरीरातला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना मध्ये थांबणे, घ्यावे लागले असतील तर त्याहून बराच जास्त वेळ विमानात बसू नये. केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्या दाबापेक्षा कमी असतो आणि शरीरात विरघळलेला नायट्रोजन त्यामुळे बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येऊ शकतो.

याचा सुरक्षा तपासणीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. तो मोकळा दिवसच सामान वाळवण्यासाठी असतो. ओल्या सूटचे वजन किती वाढते, ते उचलल्याशिवाय कळत नाही, आणि मग वजन वाचवण्यासाठी माणूस जे सापडेल ते केबिन बॅगेत कोंबतो. शिशाची वजने तर कोणी सोबत नेऊच नयेत. क्ष-किरण शिशातून जात नाहीत, त्यामुळे पडद्यावर तिथे नुसता काळा ठोकळा दिसतो आणि बॅग उघडणे अटळ होते. वजने प्रत्येक डाइव्ह केंद्रावर मिळतात.

जर्मनीतून

इजिप्तमधील हुरघाडाहून परतताना टर्मिनलच्या दारातच पहिली तपासणी होते आणि विमानात चढण्यापूर्वी पुन्हा दुसरी, त्यामुळे सगळे सामान दोनदा मांडावे लागले. चाकू चेक-इन बॅगेतच होता, पण बीसीडीच्या, म्हणजे पाण्यात तरंगणे सांभाळणाऱ्या हवा भरायच्या जॅकेटच्या, खिशात दोरी कापायचे छोटे पाते राहून गेले होते आणि ते मला तिथेच सोडावे लागले. आता मी आदल्या रात्री प्रत्येक खिशात हात घालून पाहतो. कॅमेऱ्याचे हाउसिंग, म्हणजे पाणी आत न जाऊ देणारे कवच, नेणाऱ्यांसाठी एक सूचना अशी की त्याची मुख्य रबरी कडी काढून ठेवावी. हवेचा दाब बदलला तरी मग ते घट्ट बसत नाही, आणि तपासणीसाठी उघडून दाखवायचे झाले तर लगेच उघडते.

पणजीहून

एक गंभीर बाब लिहितो. काही जण दूरच्या समुद्रात संपर्कासाठी उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे छोटे यंत्र बाळगतात. परदेशात ते दुकानात सहज मिळते, पण भारतात सरकारी परवानगीशिवाय ते बाळगणे गुन्हा ठरू शकतो, आणि आमच्या गोव्यातच परदेशी प्रवाशांना विमानतळावर त्यासाठी ताब्यात घेतले गेले आहे. परदेशातून डाइव्हिंगला येणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हे निघण्यापूर्वीच कळवावे.

सोलापूरहून

वयाच्या ६१ व्या वर्षी मी डाइव्हिंग शिकले. माझ्या मास्कमध्ये चष्म्याच्या नंबरची काच आहे, म्हणून तो, खोली आणि वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर आणि डाइव्हच्या नोंदींचे लॉगबुक मी कधीही चेक-इनमध्ये देत नाही. मागच्या खेपेला मनगटावरच्या कॉम्प्युटरविषयी मला विचारले गेले, तेव्हा मी लॉगबुक उघडून शेवटच्या डाइव्हचे पान पुढे केले. खोली १४ मीटर, वेळ ३८ मिनिटे, आणि खाली माझ्या प्रशिक्षकाची सही. त्या तरुण जवानाने दोन पाने आणखी उलटून पाहिली, "आजी, भीती नाही वाटत?" असे विचारले आणि लॉगबुक दोन्ही हातांनी मला परत दिले.