लसणाच्या परीक्षेवर अळंबी खाऊ नका
"लसूण घालून शिजवा, काळा पडला नाही तर अळंबी चांगली" असा सल्ला एकांनी दिलाय. कृपया असं करू नका. अमॅटॉक्सिनने, म्हणजे काही विषारी अळंब्यांतल्या जीवघेण्या विषाने, लसूण काळा पडत नाही आणि ते शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब साधारण 6 ते 24 तासांनी सुरू होतात, मध्ये बरं वाटतं, आणि तेव्हाच आत यकृत निकामी होत असतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याकडे चढताना अळंबी दिसली तर देठ मोडू नका, माती उकरून बुंधा बघा. वारुळावरच्या खायच्या अळंबीचा देठ मुळासारखा निमुळता होत खोल जातो; बुंधा वाटीसारख्या पिशवीत बसलेला असेल तर सोडूनच द्या. अळंबी गोळा करायची झोळी कापडी आणि पाठीला हवी, कातळावर दोन्ही हात मोकळे हवेत. एक कच्ची अळंबी कागदात राखून ठेवा, वेळ आलीच तर डॉक्टरांना दाखवता येते.