केमोनंतर आईच्या अंगावर बारीक गाठी, सिरिंगोमाचा अनुभव कुणाला आहे का?

नमस्कार, मदत हवी आहे. आईची स्तनाच्या कॅन्सरची केमो संपली आणि काही आठवड्यांत मानेवर, छातीवर त्वचेच्याच रंगाच्या, मोहरीएवढ्या टणक पुळ्या उठल्या. दुखत नाहीत, घाम आला की खाजतात. कॅन्सर कातडीत उतरला की काय, या धास्तीने घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. बायोप्सीत 'इरप्टिव्ह सिरिंगोमा' निघालं, म्हणजे घामाच्या नलिकांच्या साध्या गाठी. जीव भांड्यात पडला! डॉक्टर म्हणतात, काढायलाच हव्यात असं नाही. पण आई आता बंद गळ्याच्या ब्लाउजशिवाय बाहेर पडत नाही, ते बघवत नाही. गाठी काढायला कुणी सीओटू लेझर किंवा कॉटरी (विजेच्या उष्णतेने गाठ जाळणं) करून घेतली आहे का? सावळ्या कातडीवर डाग राहतात का? गाठी परत येतात का? केमोनंतर किती थांबलात, तेही कृपया सांगा.