फुकट खोलीवर भुलू नका
भाचीला अमेरिकेत विद्यापीठाच्या वसतिगृहात ग्रॅज्युएट असिस्टंटशिप (म्हणजे शिकता शिकता वसतिगृह सांभाळायचं काम) मिळतेय, घ्यावी का, असं इथे एकांनी विचारलंय. मी दोन वर्षं केलीय. आता परत ठाण्यात, नौपाड्यात. घ्यावी, पण ‘राहायला खोली फुकट’ एवढ्यावर भुलू नये. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. कागदावर! ड्यूटीचा फोन उशाशी असला की तास मोजणार कोण?

माझ्या पहिल्याच ड्यूटीला पहाटे ३ वाजता आगीचा अलार्म. कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळले होते. अख्खी इमारत बर्फात, निम्मी पोरं स्लीपरवर, आणि मी कुडकुडत यादीवर खुणा करतेय. रूममेटांची भांडणं मिटवताना मात्र आमच्या चाळीतल्या नळावरचं शिक्षण कामी आलं.

ऑफर लेटरमध्ये दोन गोष्टी बघायला सांगा: फीमाफी पूर्ण की अर्धी, आणि जेवणाचा प्लॅन सुट्टीतही चालतो का. माझा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत बंद झाला. चार दिवस घरून नेलेल्या मेतकुटावर आणि भातावर काढले.