कोची: सत्तरीतील आई-वडिलांना घेऊन जूनमध्ये जावे का?

प्रश्न: जूनमध्ये तीन दिवस कोचीला जाण्याचा विचार आहे. पावसात फिरणे आई-वडिलांना झेपेल का आणि मुक्काम कुठे करावा?

उत्तर १: जून टाळावा, असे मनापासून सांगेन, कारण केरळात मोसमी पाऊस साधारणतः १ जूनच्या सुमारास दाखल होतो आणि फोर्ट कोचीची, म्हणजे शहराच्या जुन्या भागाची, खरी मजा पायी हिंडण्यात आहे. जानेवारीत जा, मुक्काम तिथेच करा.

उत्तर २: एर्नाकुलमहून, म्हणजे शहराच्या मुख्य भूमीवरील भागातून, फोर्ट कोचीला वॉटर मेट्रोने (शहरातील प्रवासी बोटसेवेने) जावे. तरंगता धक्का बोटीच्या पातळीतच राहत असल्याने गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईला चढताना हातही द्यावा लागला नाही. फोर्ट कोचीजवळच्या मट्टनचेरीचे १५६८ मधील सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) शुक्रवारी आणि शनिवारी बंद असते, त्यानुसार वार ठरवावेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. जानेवारीचीच तिकिटे काढतो.