भावनिक बुद्धिमत्तेला गुण द्यावेत का?

पायवाट (धागाकर्ती):
आमच्या विभागात भावनिक बुद्धिमत्तेचा विषय सक्तीचा करायचं घाटतंय. लेखी परीक्षा, शिवाय आत्मपरीक्षणाची वही तपासून गुण. मी पदवीच्या वर्गांना शिकवते आणि माझा याला ठाम विरोध आहे.

मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये स्व-ओळखीच्या चार अवस्था मांडल्या. शोधही नाही नि निर्णयही नाही, ही एक. न शोधताच दुसऱ्यांनी ठरवलेलं आपलं मानणं, ही दुसरी. तिसरीत शोध चालू असतो, पण काही ठरलेलं नसतं. चौथीत माणूस पारखून ठरवतो. चौथीपर्यंत पोचायला तिसरीतून जावं लागतं, आणि ती बाहेरून निव्वळ गोंधळ वाटते. वर्ग बुडतात, छंद बदलतात, मित्र बदलतात. हा गोंधळ गुणांच्या वहीत कोण प्रामाणिकपणे उतरवेल? "मला ही शाखाच नकोशी झालीय" हे वाक्य त्यात येणार नाही. परीक्षकाला आवडेल तेच येईल.

अबोली:
पूर्ण असहमत. मोकळं सोडलं की मुलं आपोआप घडतात, हे ज्यांच्या घरी मनातलं बोललं जातं त्यांच्यापुरतं खरं आहे.

एका गटप्रकल्पात एका मुलाने लिहिलेला भाग बाकीच्यांनी त्याला न विचारता बदलला. "काय झालं?" विचारलं तर "काही नाही". दुसऱ्या दिवसापासून त्याने यायचंच बंद केलं, गटाने त्याला बेजबाबदार ठरवलं. मी त्याच्याशी बोलायला बसले तेव्हा "डोकं फिरलं" यापलीकडे त्याला सांगताच येईना. राग होता, अपमान होता, की आपलं काम कमी पडलं याची धास्ती? राग असेल तर गटाशी बोलायला हवं, धास्ती असेल तर शिक्षकाशी. त्याला फरकच कळत नव्हता, म्हणून तो कुणाशीच बोलला नाही.

पीटर सालोवे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली, ती क्षमता म्हणूनच: स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखणं, त्यांतला फरक जाणणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं. क्षमता आहे तर ती शिकवायला हवी. आणि परीक्षा नसलेला तास वेळापत्रकातून सगळ्यात आधी उडतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तिसरी घंटा:
दोघींनाही एक विचारतो. शोध घ्यायला वेळ आणि पैसा कुणाकडे असतो? कर्ज काढून शिकणारा, सुट्टीत काम करणारा विद्यार्थी शाखा बदलून बघू शकत नाही. तो घरच्यांनी सुचवलेल्या वाटेने जातो, कारण चुकलं तर सावरायला कुणी नाही. त्याला 'न शोधताच मान्य केलं' या खान्यात टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

पायवाट:
तिसरी घंटा, मुद्दा मान्य. पण म्हणूनच संस्थेने पहिल्या वर्षी दुसऱ्या शाखेचे एकदोन विषय घेऊ द्यावेत आणि नापास झाल्यास ते गुणपत्रिकेत धरू नयेत. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याला ही मुभा सगळ्यात जास्त हवी.

अबोली, त्या मुलाला शब्द हवे होते, हे खरंच. पण ते परीक्षेने आले असते असं मला वाटत नाही. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ च्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. मनाला लागलेली घटना आणि तिच्याविषयीच्या भावना, दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या सहा महिन्यांत आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले. त्या लिखाणाला चांगलं-वाईट ठरवणारा परीक्षक नव्हता. तो आला की मूल स्वतःशी बोलायचं सोडून त्याच्याशी बोलायला लागतं.

अबोली:
मग परीक्षा काढा, उपस्थिती ठेवा. वही विद्यार्थ्याकडेच राहू दे, शिक्षकाने ती उघडायची नाही. पण तास सक्तीचाच हवा. ऐच्छिक ठेवलात तर ज्यांना आधीच बोलता येतं तेच येतील, तो मुलगा येणार नाही.

पायवाट:
उपस्थितीपुरती सक्ती मला चालेल. गुणांना विरोध कायम.

तिसरी घंटा:
आणि हा तास संध्याकाळी ठेवू नका. कामावर जाणारे तेव्हा नसतात.