‘मेडिक्लेम आहे का?’ : हॉस्पिटलची बिलं आणि विम्याचे अनुभव

गेल्या जूनमध्ये बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. रात्री अकरा वाजता पोट धरून कळवळणाऱ्या माणसाला टॅक्सीत घालून नेलं, तर काउंटरवर नाव विचारायच्या आधी प्रश्न आला, "मेडिक्लेम आहे का?" मी भाबडेपणाने सांगून टाकलं, "आहे ना, पाच लाखांचा." पुढचे चार दिवस त्या एका उत्तरावर चालले, असं आता वाटतं.

"ट्विन शेअरिंग फुल आहे मॅडम. सिंगल देऊ? मेडिक्लेम आहेच ना." सिंगलचं भाडं रोजचे ८,०००. आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे ५,०००. मी मनात हिशोब केला, वरचे तीन हजार आपण भरू, चार दिवसांचे बारा हजार. गेले तर गेले.

बिल झालं २,७४,०००. खोली ३२,०००, सर्जन-भूलतज्ज्ञ-ओटी (ऑपरेशन थिएटर)-व्हिजिट मिळून १,६०,०००, औषधं आणि तपासण्या ८२,०००. कंपनीने कापले १,०२,७५०! कारणाच्या रकान्यात दोन शब्द : प्रपोर्शनेट डिडक्शन, म्हणजे प्रमाणात कपात. पाच भागिले आठ. म्हणजे ऐपतीपेक्षा मोठी खोली घेतलीत ना, मग सर्जनलाही आम्ही साडेबासष्ट टक्केच देणार. त्यात साठ हजार गेले. त्यावर औषधं आणि तपासण्यांनाही तीच कात्री, ३०,७५०.

हे शेवटचं मात्र नियमात बसत नव्हतं. औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लावायची नाही, असं आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, २०२० मध्येच सांगितलंय. हे मला माझ्या मावसभावाने सांगितलं, कंपनीने नाही. सात आठवडे आणि तीन मेल यानंतर ३०,७५० परत आले. बाकीचे गेले ते गेलेच.

तुमचेही अनुभव या धाग्यावर, आपापल्या टोपणनावाने लिहा. आकड्यांसकट लिहा, पण हॉस्पिटलचं आणि कंपनीचं नाव नको. नाव आलं की गाडी तिथेच अडकते. काही तोड सापडली असेल तर ती जरूर लिहा. ‘सगळे चोर आहेत’ एवढंच म्हणायचं असेल तर मनातल्या मनात म्हणा, मीही म्हणते.

चौथी सीट

बोरिवली. मुलाला डेंग्यू, प्लेटलेट्स ३४,०००, डॉक्टरांनीच ॲडमिट करून घेतलं. बिल ६१,०००. क्लेम नामंजूर : "ओपीडीत उपचार शक्य होते." हे कोणी ठरवलं? ज्याने पोराला पाहिलंही नाही अशा कुणीतरी. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी लेटरहेडवर पत्र दिलं, रोजच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडली, तिसऱ्या महिन्यात पैसे आले. तोवर क्रेडिट कार्डाचं व्याज मी भरलं, त्याचा क्लेम कुठे करायचा?

दुपारची शिफ्ट

मी एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या खिडकीत बसते, म्हणजे तुम्ही सगळे ज्या खिडकीसमोर ओरडता तिथे. ओरडा, आमची हरकत नाही. पण दोन गोष्टी आतून सांगते.

पहिली. धागाकर्तीला वाटलं खोली बदलली की फक्त भाडं बदलतं. आमच्या सिस्टिममध्ये पेशंटचा क्लास सिंगल केला की सर्जनची फी, ओटीचा चार्ज, भूल, व्हिजिट, सगळं आपोआप वर सरकतं. तेच डॉक्टर, तीच टेबलं. म्हणून ॲडमिट होताना भाडं विचारू नका, ‘या क्लासमध्ये या ऑपरेशनचा अंदाजे खर्च किती आणि खालच्या क्लासमध्ये किती’ असं विचारा आणि कागदावर लिहून मागा. काही हॉस्पिटलांत सगळ्या क्लासना एकच दर असतो. तिथे ही प्रपोर्शनेट कपात करायची परवानगीच नाही, तसं पत्र हॉस्पिटलकडून घेऊन कंपनीला पाठवा.

दुसरी. डिस्चार्ज. २०२४ च्या मे महिन्यात आयआरडीएआयचं परिपत्रक आलं, कॅशलेसचा (कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते तो) निर्णय एका तासात आणि डिस्चार्जचं अंतिम अप्रूव्हल तीन तासांत. त्याहून जास्त वेळ गेला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात दोन तास पन्नास मिनिटांनी ‘क्वेरी’ येते : ॲडमिशनच्या वेळचा बीपी चार्ट पाठवा. तो आम्ही सकाळीच पाठवलेला असतो. क्वेरी आली की काटा पुन्हा शून्यावर, असं त्यांचं म्हणणं. तोवर पेशंट कपडे घालून पलंगाच्या कडेला बसलेला आणि नातेवाईक माझ्या डोक्यावर. तरी अप्रूव्हल आणि क्वेरी यांच्या वेळा मागून घ्या, तक्रारीत त्याच कामाला येतात.

आमच्याकडूनही उशीर होतो. फार्मसीचं रिटर्न जुळत नाही, एखादे डॉक्टर सही न करता निघून जातात. ते मी नाकारत नाही.

काळा चहा

माझी गोष्ट तीन शब्दांची आहे, ‘दहा वर्षं झाली’.

२०२२. आईला छातीत दुखलं म्हणून विक्रोळीहून ठाण्याकडच्या एका हॉस्पिटलात नेलं. कॅज्युअल्टीत एक पोरसवदा डॉक्टर हिस्ट्री लिहीत होता. बीपी कधीपासून? आई कण्हत म्हणाली, "झाली असतील मेली दहा वर्षं." आमच्या आईची दहा वर्षं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक. तिच्या लेखी मिक्सर बिघडूनही दहा वर्षं झाली आणि मी नोकरीला लागूनही दहाच. बीपीची पहिली गोळी चालू झाली २०२० मध्ये. पण कागदावर गेलं : हायपरटेन्शन, दहा वर्षं. पॉलिसी सहा वर्षांची. झालं. ‘आधीपासूनचा आजार लपवला’, अँजिओप्लास्टीचा पूर्ण क्लेम नामंजूर.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी जुनी वही काढून पहिल्या गोळीची तारीख दाखवली, तसं पत्र दिलं. कंपनी म्हणते हॉस्पिटलचा कागद तो खरा. हॉस्पिटल म्हणतं पेशंटनेच सांगितलं. पेशंट म्हणते, मी कुठे सांगितलं? प्रकरण ग्राहक आयोगात आहे, तारखा पडताहेत.

तेव्हा आठ वर्षं पुरी झाल्याशिवाय संरक्षण नव्हतं. २०२४ पासून सलग पाच वर्षं पॉलिसी चालू असली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, असं कारण काढता येत नाही. आम्हाला त्याचा उपयोग नाही, तुम्हाला असू शकतो. आणि कॅज्युअल्टीत हिस्ट्री देताना पेशंटला बोलू देऊ नका. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

खिडकीतली तुळस

वरच्या अनुभवाची दुसरी बाजू. आमच्या एजंटने सासऱ्यांच्या फॉर्मवर शुगर लिहूच दिली नाही. "कशाला वहिनी, प्रीमियम वाढेल, मेडिकल करायला लावतील." सही आमची, अक्षर त्याचं. क्लेम फेटाळला तेव्हा तो गावी गेला होता म्हणे. इथे मी कंपनीला शिव्या देऊ शकत नाही, फार इच्छा असूनही.

गाठोडं

प्रिन्सेस स्ट्रीटला सर्जिकलच्या होलसेल दुकानात एकवीस वर्षं काढली. छापील किमतीबद्दल लिहितो, कारण इथे सगळे विमा कंपनीवर घसरलेत.

सलाईनच्या नळीला एक छोटी प्लास्टिकची चावी असते, थ्री-वे म्हणतो आम्ही. २०१८ मध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, दिल्ली भागातल्या चार खाजगी हॉस्पिटलांची बिलं तपासली होती. तिथे ५ रुपये ७७ पैशांना घेतलेल्या थ्री-वेची एमआरपी १०६ रुपये निघाली. नफा १,७३७ टक्के. पेपरात आलं तेव्हा लोकांना धक्का बसला, आमच्या गल्लीत कोणी मान वर करून बघितलं नाही. एकच कारखाना, एकच माल, पाकिटावर किंमत दोन तऱ्हेची छापून येते. आमच्याकडे गिऱ्हाईकच विचारतं, "जास्त एमआरपीवाला आहे का?" गिऱ्हाईक म्हणजे हॉस्पिटलचा खरेदीवाला, तुम्ही नाही. जितकी एमआरपी मोठी तितकं त्याचं सुटतं. आणि बिलावर एमआरपीच लावली म्हणजे कायदा मोडलाच नाही!

स्टेंटवर २०१७ च्या फेब्रुवारीत किमतीची मर्यादा आली, औषधवाली स्टेंट तीस हजारांच्या आत आली. गुडघ्याच्या सांध्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. पण म्हणून ऑपरेशनचं बिल तेवढं उतरलं का? ते दुसऱ्या रकान्यात जाऊन बसलं.

एक करा. औषधं हॉस्पिटलच्याच दुकानातून घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. ॲडमिट पेशंटचं चालू असताना पळापळ अवघड आहे, मान्य. पण घरी न्यायची पंधरा दिवसांची औषधं तरी बाहेरून घ्या. तिथेच पिशवी भरून देतात, आणि माणूस घरी जायच्या आनंदात बघत नाही.

पंखा फुल

बाबांच्या बिलात एका दिवसाचे ग्लोव्हज ४२ जोड्या लावलेत. आम्ही त्यांना दिवसभर सोबत होतो. एवढे हात त्यांना लावले असते तर ते लवकर बरे झाले असते.

मोतीबिंदूवाले काका

वय ७२, गिरगाव. मुलीने टाइप करून दिले आहे.

एका डोळ्याचे बिल ५२,०००. मंजूर २४,०००. कारण ‘रीझनेबल अँड कस्टमरी चार्जेस’, म्हणजे वाजवी आणि प्रचलित दर. मी पॉलिसी भिंग घेऊन वाचली (ऑपरेशन झालेल्या डोळ्याने), मोतीबिंदूला मर्यादा कुठेही लिहिलेली नाही. मग २४,००० हा आकडा कुठल्या झाडावरून तोडला? प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला रजिस्टर पत्र. तीस दिवस वाट पाहिली, उत्तर नाही. मग विमा लोकपाल. सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा ॲनेक्समध्ये कार्यालय आहे. फी नाही, वकील तर चालतच नाही. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे घेतात, कंपनीने नाही म्हटल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते. सुनावणीत कंपनीच्या मुलाला विचारले, मर्यादा कुठल्या कलमात आहे ते दाखवा. तो पाने उलटत राहिला. २८,००० मिळाले.

प्रीमियमचे विचाराल तर २०२५ च्या जानेवारीपासून ज्येष्ठांचा प्रीमियम विमा नियामकाशी आधी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. मला बरोबर दहा टक्के वाढवून आला. त्याच सप्टेंबरच्या २२ तारखेपासून १८ टक्के जीएसटी गेला, तेवढाच श्वास घेतला.

गिरणगाव

आमच्यात कोणाला मेडिक्लेम नाही. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं दिलं की काय होतं ते लिहितो.

लालबाग. वहिनीला मेंदूत रक्तस्राव. जवळच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं. दीड लाख डिपॉझिट. दादा रात्री दोन वाजता नातेवाइकांना फोन करत सुटला, बायकांनी बांगड्या काढून दिल्या. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एका अनोळखी बाईने विचारलं, "सोशल वर्करला भेटलात का?" आम्हाला वाटलं ते समुपदेशन वगैरे असेल.

तर ते असं आहे. धर्मादाय नोंदणी असलेल्या हॉस्पिटलांनी दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, अशी हायकोर्टाने घालून दिलेली योजना आहे. बिलांतले दोन टक्के त्यासाठी वेगळ्या फंडात ठेवतात. वर्षाचं उत्पन्न १.८० लाखांपर्यंत असेल तर निर्धन, ३.६० लाखांपर्यंत दुर्बल. इमर्जन्सीत तर आधी उपचार करायचे. बोर्ड होता हो लावलेला, लिफ्टच्या मागे.

सोशल वर्कर म्हणाली खाटा भरल्यात. मी विचारलं, आज किती भरल्या ते लिहून द्या. नाही म्हणाली. मग वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात गेलो, केशरी रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा दाखला घेऊन. तिथून फोन गेला आणि संध्याकाळी खाट मोकळी झाली. बिलाच्या सवलतीपेक्षा मला राग याचा आला की तीच खाट होती. वहिनीला हलवलंसुद्धा नाही.

राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंत उपचार आहेत, पण प्रत्येक हॉस्पिटल त्यात नसतं. आमचं नव्हतं. आधी विचारून ठेवा, रात्री दोन वाजता नाही कळत काही.

वहिनी आता चालते. डावा हात थोडा मागे आहे. बांगड्या अजून सोडवायच्यात.

पावसाळी चप्पल

महापालिकेच्या हॉस्पिटलात भाऊ एकोणीस दिवस होता. सगळं मिळून सहा हजारांच्या आत. मी लादीवर झोपले, ढेकूण चावले, एमआरआयची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली म्हणून तो बाहेर केला. डॉक्टर उत्तम, छत्तीस तास जागे. दोन्ही खरं आहे, कोणाला काय मोजायचं ते मोजा.

चौथी सीट

कोविडची आठवण आली. मे २०२० मध्ये सरकारने दर ठरवले होते, साधा वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. मग पीपीई किट वेगळे. काकांच्या बिलात एकट्यासाठी दिवसाला नऊ किट. पालिकेने बसवलेल्या ऑडिटरने ती एका सहीत उतरवली. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचतेय. दुपारची शिफ्ट, तुमचा सल्ला लगेच वापरला. बाबांना आता हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय, या वेळी घाई नाही. चार हॉस्पिटलांना फोन करून ट्विन शेअरिंगचा अंदाजे खर्च लिहून मागितला. एकाने मेल केला. दोघांनी "पेशंटला आणा, मग सांगतो" म्हटलं. चौथ्या ठिकाणच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मेडिक्लेम आहे का?" मी म्हटलं, आधी दर सांगा. तिने फोन होल्डवर ठेवला, अकरा मिनिटं बासरी ऐकली.

ज्यांनी मेल केला तिथे मंगळवारी ॲडमिट करतोय. बिल आलं की इथेच लिहिते.